पुसून गेलेल्या खोल्या : ५० मिमी एफ/१.८ लेन्सचे अकरा वर्षांनंतरचे परीक्षण

रोज रात्री दहा-बारा ओळींचे टिपण लिहायचे आणि त्याच्याबरोबर त्याच दिवशी काढलेले एक, आणि एकच, छायाचित्र ठेवायचे, हा नेम मी गेली चौदा वर्षे पाळते आहे. पहिली तीन वर्षे कॅमेऱ्याबरोबर आलेल्या झूम लेन्सवर निभावली. त्यानंतरच्या अकरा वर्षांतली जवळजवळ सगळी छायाचित्रे मात्र एकाच प्रकारच्या लेन्सने काढलेली आहेत : ५० मिलिमीटर नाभीय अंतराची, एफ/१.८ हे कमाल ॲपर्चर असलेली, झूम नसलेली साधी प्राइम लेन्स. नाभीय अंतर जितके जास्त तितका समोरच्या दृश्याचा लहान तुकडा चौकटीत येतो; ॲपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, आणि एफपुढचा आकडा जितका लहान तितके ते मोठे. माझ्या लेन्सवर कोणत्या कंपनीचे नाव आहे हे मुद्दामच लिहीत नाही. बहुतेक प्रत्येक कॅमेरा कंपनी आपल्या यादीच्या तळाशी अशी एक लेन्स ठेवते, आणि या सर्व भावंडांचा स्वभाव इतका मिळताजुळता असतो की एकीविषयी जे म्हणावे ते थोड्याफार फरकाने दुसरीलाही लागू पडते. नवी वस्तू दोन आठवडे हाताळून लिहिलेली परीक्षणे विपुल आहेत. एवढ्या वर्षांत त्या वस्तूने आपल्या नोंदींचे काय केले हे सांगणारी फारशी वाचनात येत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

वस्तू म्हणून पाहिले तर कौतुक करावे असे तिच्यात फार काही नाही. डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या या वर्गातील बहुतेक लेन्सचे वजन १३० ते १९० ग्रॅमांच्या दरम्यान भरते. बाहेरचे नळकांडे प्लॅस्टिकचे असते आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये तर कॅमेऱ्याला जोडणारे कडेही प्लॅस्टिकचेच मिळते. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी काही कंपन्यांनी याच आकड्यांच्या, पण दुप्पट-अडीचपट वजनाच्या वेगळ्या जातीच्या लेन्स काढल्या आहेत; त्या येथे अभिप्रेत नाहीत. ज्या लेन्सविषयी मी बोलते आहे ती पिशवीत आहे की नाही हे हाताने चाचपून पाहावे लागते, आणि रोज बरोबर न्यायच्या वस्तूत याहून मोठा गुण मला तरी ठाऊक नाही. जड कॅमेरा घरी राहतो आणि घरी राहिलेल्या कॅमेऱ्याने दिवसाची नोंद होत नाही.

तिचा पहिला परिणाम उजेडाच्या बाबतीत जाणवतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी नेहमीची १८-५५ मिमी झूम लेन्स पूर्ण पुढे नेली की तिचे कमाल ॲपर्चर एफ/५.६ वर येऊन थांबते. एफ/१.८ आणि एफ/५.६ यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला तर उत्तर साडेनऊच्या थोडे वर येते, म्हणजे त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली ही लेन्स साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. जे छायाचित्र झूम लेन्सने सेकंदाच्या दहाव्या भागात काढावे लागले असते आणि हात हलून हमखास बिघडले असते, ते येथे शंभराव्या भागाच्या आसपास काढता येते. टिपणे लिहिणाऱ्या माणसाचा दिवस बहुधा संध्याकाळी सुरू होतो. नोकरी करणाऱ्यांचा तर नक्कीच, कारण उन्हात काय घडले ते त्यांना खिडकीतूनच दिसते. जिन्यातला मिणमिणता दिवा, बसच्या काचेवरचे पावसाचे थेंब, रात्री उशिरा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या वहीवर पडलेला टेबललॅम्पचा प्रकाश, हे सगळे या लेन्समुळे प्रथमच माझ्या नोंदींत आले, तेही फ्लॅश न उडवता. फ्लॅशने छायाचित्र येते, पण ज्या उजेडासाठी ते काढायचे होते तो उजेड फ्लॅश खाऊन टाकतो.

दुसरा परिणाम सवयीवर होतो. झूम नसल्यामुळे चौकट लहान-मोठी करायची तर आपणच पुढे-मागे व्हावे लागते. याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मी त्यांत भर घालणार नाही. एवढेच सांगते की महिना-दोन महिन्यांत कॅमेरा डोळ्याला न लावताही चौकट कोठे संपेल हे कळू लागते आणि मग कॅमेरा वर होण्याआधीच पाय योग्य जागी गेलेले असतात.

‘५० मिमी म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसते तसे’ हे वाक्य मात्र जपून घ्यावे. पूर्ण चौकटीच्या म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या पृष्ठभागावर) या लेन्सचा आडवा दृश्यकोन सुमारे ४० अंश असतो. दोन डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा १८० अंशांच्या आसपास असतो, तर त्यातला अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा असतो. यांपैकी कोणत्याच आकड्याशी ४० चा मेळ बसत नाही. ५० हा आकडा रूढ झाला त्यामागे डोळ्यापेक्षा इतिहासाचा हात अधिक आहे. ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाच्या ३५ मिमी फिल्मवर २४ × ३६ मिमीची चौकट घेणारा छोटा कॅमेरा तयार केला. तो १९२५ मध्ये लायका या नावाने बाजारात आला, तेव्हा त्यावर माक्स बेरेक यांनी आखलेली ५० मिमीची लेन्स होती. या चौकटीचा कर्ण भरतो ४३.३ मिमी, आणि कर्णाच्या जवळपासचे नाभीय अंतर असले की चित्र ना ताणलेले दिसते ना चपटे. म्हणून ५० मिमीला ‘नॉर्मल’ म्हणण्याचा प्रघात पडला, इतकेच. ज्यांच्या कॅमेऱ्यात एपीएस-सी आकाराचा लहान सेन्सर आहे त्यांना तर हीच लेन्स ७५ किंवा ८० मिमीसारखी वागताना दिसेल. माझा पहिला कॅमेरा तसाच होता, आणि घरातल्या घरात छायाचित्र काढताना पाठ भिंतीला टेकल्यावरही समोरच्या माणसाचे पाय चौकटीत न मावल्याचे मला आठवते. तसा कॅमेरा असेल तर ५० ऐवजी ३५ मिमीची लेन्स पाहावी, हे आधीच सांगून ठेवते.

या लेन्सच्या साधेपणामागे एक जुनी आणि हुशार रचना आहे, ती थोडी विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९६ मध्ये कार्ल झाइस कंपनीतील पाउल रुडॉल्फ यांनी ‘प्लानार’ नावाची लेन्स आखली. मध्ये ॲपर्चर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन गट अशी तिची मांडणी होती. पुढच्या अर्ध्याने केलेली काही चूक मागचा अर्धा उलट दिशेने करतो आणि दोन्ही एकमेकींना खोडून काढतात. त्यामुळे सरळ रेषा सरळच राहतात. अडचण एवढीच होती की हवा आणि काच यांच्या सीमेवर प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित करतो. असे आठ पृष्ठभाग ओलांडताना चौथ्या भागाहून अधिक प्रकाश वाटेतच गळत असे, आणि त्यातला काही इकडेतिकडे आपटून चित्रावर धुरकट पडदा धरत असे. १९३५ मध्ये त्याच कंपनीतील अलेक्झांडर स्मकुला यांनी काचेवर परावर्तन रोखणारा अत्यंत पातळ लेप देण्याची पद्धत शोधली आणि तेव्हापासून या रचनेला खरे दिवस आले. आजच्या बहुतेक ५० मिमी एफ/१.८ लेन्स याच घराण्यातल्या आहेत. त्यामुळे यादीच्या तळाशी असलेल्या या लेन्सने पुस्तकांची मांडणी काढली तर फळ्या वाकत नाहीत, आणि महागड्या झूम लेन्सने त्या वाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

चित्राच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगायचे तर एफ/१.८ वर मधला भाग पुरेसा स्पष्ट, कोपरे मवाळ आणि काळवंडलेले येतात. आकाशासमोरच्या निष्पर्ण फांद्यांना जांभळी किनार येते. छापील मजकूर तिरकस काढला तर फोकसच्या पुढच्या अक्षरांना किंचित तांबूस-जांभळी आणि मागच्या अक्षरांना हिरवट झाक येते. एफ/२.८ वर यांतले पुष्कळसे निवळते, एफ/४ वर जवळजवळ सगळे जाते, आणि एफ/५.६ ते एफ/८ या टप्प्यात ही लेन्स आपल्यापेक्षा कितीतरी महाग लेन्सच्या पंक्तीला बसते. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्र पुन्हा मऊ होऊ लागते; तेथे जाण्याची गरजही क्वचितच पडते. ज्या जुन्या आवृत्त्यांत ॲपर्चरला पाचच पाती आहेत त्यांत ॲपर्चर थोडे कमी केले की फोकसबाहेरचे रात्रीचे दिवे पंचकोनी दिसतात. कोणाला ते खटकतात. मला तर आवडतात.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी धाकट्या भावाने सहज विचारले की जुन्या घरात बाबांच्या खुर्चीमागे जे कपाट होते त्यावर काय काय ठेवलेले असे. बाबा आता नाहीत आणि ते भाड्याचे घरही कधीच सुटले आहे. मी म्हटले, रोजचे छायाचित्र आहे, आत्ता सांगते. त्या घरातली, त्या खुर्चीत बसलेल्या बाबांची चाळीसहून अधिक छायाचित्रे निघाली. प्रत्येकात त्यांचे डोळे अतिशय सुरेख आले आहेत; चष्म्याच्या काडीवरचा ओरखडा दिसतो, भुवईतला एकेक पांढरा केस मोजता येतो. आणि प्रत्येकात त्यांच्यामागे तोच एक तपकिरी, मऊ, सुंदर धुरळा आहे. कपाट नाही, भिंत नाही, खिडकी डावीकडे होती की उजवीकडे हेही कळत नाही. त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राचा मथळासुद्धा विरघळलेला आहे. मग मी इतर विषयांकडे वळले, तर तेथेही तीच गत होती. मुलीचे पहिले दप्तर आहे, पण ते कोणत्या दारापाशी ठेवले होते ते नाही. खिडकीच्या गजावरचा पक्षी आहे, पण त्या खिडकीबाहेर तेव्हा उभे असलेले झाड, जे पुढे तोडले गेले, ते केवळ हिरव्या ठिपक्यांच्या रूपात आहे. अकरा वर्षांत आम्ही तीन घरे बदलली आणि माझ्या छायाचित्रांवरून ती तिन्ही एकच वाटतात.

कपाट अखेर सापडले ते झूम लेन्सच्या काळातल्या एका छायाचित्रात. ते छायाचित्र दाणेदार आहे, किंचित हललेले आहे, रंगही पिवळट आहेत, आणि तेव्हा ते मी नाइलाजाने ठेवल्याचे त्या दिवसाच्या टिपणात लिहूनही ठेवले आहे. त्यात कपाटावर रेडिओ, त्याच्या बाजूला गुंडाळलेले नकाशे, एक बंद पडलेले टेबलावरचे घड्याळ आणि बल्बचा रिकामा खोका, हे सारे स्वच्छ ओळखू येते.

दोष लेन्सचा नाही, हे मला मान्य आहे. लेन्सवर ॲपर्चर कमी करण्याची सोय पहिल्या दिवसापासून होती. मीच ते एफ/१.८ वर खिळवून ठेवले होते. पण वस्तूचे परीक्षण करताना ती माणसाला कोणत्या सवयीकडे ओढते हेही सांगायला हवे. ही लेन्स ओढते ती निश्चितपणे धूसर पार्श्वभूमीकडे. ज्याने आजवर फक्त झूम लेन्स किंवा मोबाइल वापरला आहे त्याला पहिल्याच दिवशी असे चित्र मिळते की ते आपण काढले यावर त्याचा विश्वास बसत नाही. पसाऱ्याने भरलेली खोली एका फटक्यात नीटनेटकी दिसू लागते. मागे पडलेले कपडे, वायरींचा गुंता, रंग उडालेली भिंत आवरावी लागत नाही, कारण लेन्सच ती आवरते. मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब पुढेच आहे. माझे लेखनही हळूहळू त्याच वळणाने गेले होते. सुरुवातीच्या वर्षांतल्या टिपणांत गळणारा नळ आहे, शेजारच्यांच्या भांडणातले वाक्य आहे, विजेच्या बिलावरून झालेली कुरबूर आहे. नंतरच्या टिपणांत एक भाव आहे, एक प्रतिमा आहे आणि भोवती धुके आहे. चित्रात जे दिसत नव्हते त्याबद्दल लिहिण्याचे मला सुचेनासे झाले होते.

आकड्यांत सांगायचे तर गोष्ट अशी आहे. पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर एक मीटर अंतरावरच्या चेहऱ्यावर फोकस धरला तर एफ/१.८ वर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली सुमारे चार सेंटीमीटर असते. एक डोळा त्यात बसतो, कान बसत नाही. एफ/५.६ वर तीच खोली तेरा सेंटीमीटरांच्या आसपास जाते. चेहऱ्यामागे दोन मीटरवर भिंत असेल तर एफ/१.८ वर त्या भिंतीवरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर जवळजवळ एक मिलिमीटर रुंदीचा ठिपका होऊन पसरतो, तर एफ/५.६ वर तो ०.३ मिलिमीटरच्या आसपास राहतो. भिंतीवर घड्याळ असेल तर पहिल्या चित्रात एक फिकट डाग दिसेल. दुसऱ्या चित्रात घड्याळाचा गोल ओळखू येईल आणि काटे किती वाजले ते साधारण सांगतील, मात्र आकडे वाचता येणार नाहीत. माझ्या कामाला एवढे पुरते. माणूस पुढे ठळक राहतो आणि खोली मागे उभी असते. तीन मीटर अंतरावर फोकस धरून एफ/८ वर काढले तर सव्वादोन मीटरच्या थोड्या पुढून चार मीटरच्या थोड्या पलीकडपर्यंतचे सर्व काही स्पष्ट येते. म्हणजे टेबलाशी बसलेले चौघे आणि त्यांच्यामागची मांडणी एकत्र मिळते.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. एफ/५.६ वर आले की साडेनऊ पट प्रकाशाची ती सगळी चैन संपते आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा, ४०० ऐवजी ४००० च्या घरात न्यावा लागतो. चित्रात दाणे येतात. मला ते चालतात. दाण्यांआडून कपाट दिसते, धुरळ्याआडून दिसत नाही. ज्यांना हा सौदा पटत नाही त्यांनी निदान एक करावे, की एकाच प्रसंगाची दोन छायाचित्रे काढावीत, एक एफ/१.८ वर आणि एक एफ/५.६ वर, आणि निवड रात्री करावी. ५० मिमीचा उल्लेख निघाला की ज्यांचे नाव हमखास घेतले जाते त्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची छायाचित्रे याच दृष्टीने पुन्हा पाहिली, तर त्यांत मागचा जिना, भिंत, रस्त्याच्या टोकाची माणसे सगळी हजर असल्याचे ध्यानात येते. आयुष्यभर मुख्यत्वे ५० मिमीचीच लेन्स वापरणारा हा छायाचित्रकार मागचे पुसण्यासाठी ती वापरत नव्हता. हे मला फार उशिरा दिसले, कारण मी त्या छायाचित्रांतही पुढचा माणूसच पाहत होते.

काही गोष्टी तिच्याकडून होणार नाहीत. पूर्ण चौकटीवर तीन मीटर अंतरावरून ती सुमारे दोन मीटर रुंद आणि दीड मीटरहून थोडा कमी उंच असा तुकडाच घेते, त्यामुळे संपूर्ण खोली एका चौकटीत मिळत नाही. त्यासाठी मी आता दर महिन्याला एकदा, काहीही विशेष नसताना, मोबाइलने प्रत्येक खोलीचे एक रुंद छायाचित्र काढून ठेवते. त्यात कला काहीच नसते. अगदी जवळूनही ती काढू देत नाही. जुन्या आवृत्त्या ४५ सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाहीत, काही नव्या ३५ पर्यंत येतात. पुस्तकाचे पान त्यात मावते, पण अंगठीवरचे कोरीवकाम टिपण्याची अपेक्षा ठेवू नये. जुन्या आवृत्त्यांतली ऑटोफोकसची मोटर आवाज करते, झोपलेले मूल जागे होईल इतका नाही, पण झोपेत कूस बदलेल इतका.

टिकाऊपणाबद्दलचा माझा अनुभव संमिश्र आहे. पहिली लेन्स सहाव्या वर्षी टेबलावरून पडली. काच शाबूत राहिली, पण फोकसची मोटर घरघर करून अर्ध्यावर अडकू लागली. दुरुस्ती करणाऱ्याने तिला हात न लावता दुसरी घेण्याचा सल्ला दिला, तो बरोबर होता. दुसरी मी वापरलेलीच घेतली. वापरलेली घेताना ती विजेरीच्या उजेडात आरपार पाहावी; काचेच्या आत जाळ्यासारखी बुरशी किंवा ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर घेऊ नये. थोडी धूळ असली तर चालते, चित्रात ती दिसत नाही. आपल्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर आहे की नाही हेही तपासावे, कारण या वर्गातल्या काही जुन्या लेन्समध्ये मोटर नसते आणि कॅमेऱ्यातही नसेल तर फोकस हाताने करावा लागतो.

रोजच्या नोंदींसाठी, घरातल्या माणसांसाठी, संध्याकाळच्या उजेडासाठी मी आजही हीच लेन्स सुचवीन आणि माझी उद्या हरवली तर परत हीच घेईन. पहिले दोन आठवडे एफ/१.८ वर मनसोक्त काढून घ्यावे, नाहीतर ती हौस पुढे अकरा वर्षे पुरते. नंतर ॲपर्चर एफ/४ किंवा एफ/५.६ वर आणून ठेवावे आणि अंधार पडेल तेव्हाच ते उघडावे. पुढचे झाकण मात्र सुरुवातीलाच एक जास्तीचे घेऊन ठेवावे. माझी आतापर्यंत चार हरवली आहेत.